माझ्या नावावर मारलेला गोल

दोस्तहो, आज दुपारी कॉलेजच्या हॉलमध्ये माईकवर माझं नाव पुकारलं, त्या क्षणी माझं सगळं बदललं. डोकं अजून ठिकाणावर नाही, तरी आपल्या कट्ट्याच्या भित्तिपत्रकासाठी लगेच लिहायलोय.

विद्यापीठाच्या नामांतरावरून प्राचार्यांशी भांडून मी दिवाळीनंतर कॉलेज सोडलं, हे तुम्हाला माहीत आहेच. आज गेलो ते फक्त वर्गातली सुनंदा दिसावी म्हणून. देशभरातल्या कॉलेजांची फुटबॉल स्पर्धा जिंकून आलेल्या आपल्या पोरांचा सत्कार होता.

खेळाचे सर म्हणाले, "फायनलचा गोल मारणारा, बालाजी सोळंके!"

मी ताडकन उठलो. तेवढ्यात स्टेजवरच्या एका अनोळखी पोरानं पुढं होऊन शाल घेतली.

शेजारचा हसला. "पूर्णेच्या रेल्वे कॉलनीतला हाय. लय भारी खेळतो, पण आपल्या कॉलेजातला न्हाई. तुझं नाव अजून हजेरीपटावर होतं, त्याच्यावर खेळवला."

मी ओरडणार, तोच पुढच्या रांगेतून सुनंदा वळली. "बालाजी, खाली बस. तू बोललास तर सगळ्यांचा कप जाईल."

"तुला माहीत होतं?"

"सरांना तुझं नाव मीच सुचवलं. तू तर सोडून गेल्तास."

एवढं बोलून ती पुन्हा स्टेजकडं, त्या पोराकडं बघायला लागली. माझ्याकडं तिनं असं कधीच बघितलं नव्हतं.

सांगा दोस्तहो, तुम्ही ओरडला असता का? मी नाही ओरडलो. टाळ्या चालू असतानाच बाहेर आलो आणि हॉलचं दार ओढून घेतलं.