बर्फाखाली जमीन कुठे आहे

फोन आला तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. ॲथलोनच्या विद्यापीठातून, नीलिमाताईंच्या विभागातल्या एका सहकाऱ्याचा. तो काय सांगतोय ते मला आधी कळेचना. मागचा हिवाळाभर ज्या फोनची धास्ती घेऊन मी बसायचे, तो डोंगरावरून यायचा होता, बर्फातून, धुक्यातून... आणि ताई गेल्या त्या विद्यापीठाच्या पार्किंगमध्ये, सपाट डांबरावर, गाडीचं दार उघडता उघडता. हृदय बंद पडलं. या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

नीलिमाताई बर्फाची खोली मोजायच्या. "आयर्लंडमध्ये बर्फ पडतो तरी किती?" असं इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत कुणी हसून विचारलं, की त्या शांतपणे म्हणायच्या, "कमी पडतो म्हणून कुणी बघत नाही. तो एकदम वितळून खाली पूर आला की मग सगळे बघतात." उन्हाळ्यात ड्रोन उडवून त्या विकलोच्या डोंगरांची उघडी जमीन मोजून ठेवत. बर्फ पडला की तोच डोंगर पुन्हा मोजायचा. दोन उंचींमधला फरक म्हणजे बर्फ. शिवाय उपग्रहाची रडारची चित्रं असत. पण एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. ठरवलेल्या जागी चालत जायचं, आकडे कोरलेली लांब सळई बर्फात खुपसायची आणि नकाशा खरा बोलतोय का ते बघायचं. इथल्या डोंगरावर जमीन म्हणजे भिजलेलं, मऊ पीट, कुजलेल्या शेवाळाचा थर. सळई बर्फातून सरळ त्यात शिरते आणि खोली भलतीच जास्त दिसते. बर्फ संपून पीट कुठे सुरू होतं, हे हातालाच कळावं लागतं.

त्यांनी माझा हात तयार केला. मी पुण्यात शाळेत भूगोल शिकवायचे. नवऱ्याला नास गावच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली म्हणून डिपेंडंट व्हिसावर इथे आले आणि वर्षभर नुसती घरात बसले. मग गणपतीत ताईंशी ओळख झाली आणि एका रविवारी त्या म्हणाल्या, "तुला नकाशा वाचता येतो ना? मग चल माझ्याबरोबर." विकलो आमच्याकडून जवळ, म्हणून त्या आदल्या संध्याकाळी मुक्कामाला येत आणि पहाटे आम्ही दोघी निघत असू. दोन हिवाळे असे गेले. तेवढं सुख मला या देशात आधी मिळालं नव्हतं.

तिसऱ्या हिवाळ्यातली ती दुपार. शेवटची एकच जागा राहिली होती, एका घळीच्या तोंडाशी. नकाशा तिथे गुडघाभर बर्फ दाखवत होता. ताई दहा पावलं मागे, वहीत काहीतरी लिहीत होत्या. धुकं उतरायला लागलं होतं, मला घरी जायची घाई होती. सळई न टेकवता मी पुढे पाऊल टाकलं... आणि पायाखाली काही नव्हतंच. छातीपर्यंत आत गेले. खाली पाय लोंबकळत होते आणि त्यांच्याखालून वाहत्या पाण्याचा आवाज येत होता. वाऱ्याने ओढ्यावर बर्फाचं छप्पर घातलं होतं. मी किंचाळले. हात आपटले तसा कडेचा बर्फ आणखी ढासळला.

"हलू नकोस!" ताई बर्फावर पालथ्या पडून सरपटत येत होत्या. "माझ्याकडे बघ. खाली नाही, माझ्याकडे."

"ताई, पाणी आहे खाली..."

"मला ऐकू येतंय. ही सळई काखेखाली घे. आडवी. आता पोहल्यासारखे पाय मार."

किती वेळ लागला सांगता येणार नाही. मी वर आले तेव्हा एक बूट ओढ्यात राहिला होता. ताईंनी स्वतःची टोपी माझ्या पायावर चढवली, वर जेवणाच्या डब्याची पिशवी बांधली. धुक्यात आता दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. त्या पुढे, मी मागे. एकदा सळई टेकवायची, मग एक पाऊल. प्रत्येक वेळी त्या मोठ्याने म्हणायच्या, "जमीन आहे." कितीतरी वेळाने माझ्या लक्षात आलं, की त्यांचा आवाज रडवेला झालाय.

गाडीत हीटर लावून बसल्यावर त्या बोलल्या. तरुणपणी हिमाचलात असताना त्यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून एका उताराचा नकाशा केला होता. त्यांचा सहकारी तो हातात घेऊन पुढे गेला. तो चार दिवसांनी बर्फाखाली सापडला. "नकाशा माझा होता गं," एवढंच म्हणाल्या. "तेव्हापासून मला प्रत्येक पावलाची भीती वाटते. लोकांना वाटतं मी धाडसी आहे."

त्यानंतर मी डोंगरावर गेले नाही. कधी लेकीला ताप आहे म्हणाले, कधी पाहुणे. ताईंना सगळं कळत होतं, पण त्यांनी एकदाही टोकलं नाही. मागच्या हिवाळ्यात त्या एकट्याच गेल्या. निघताना फोन, परतल्यावर फोन. मधले तास मी खिडकीपाशी काढायचे. "मावशी इज ग्रँड, आई, स्टॉप वरिंग," लेक म्हणायची; इथे 'ग्रँड' म्हणजे नुसतं ठीक. मला मात्र छातीपर्यंत चढलेला तो गारवा आठवायचा, आणि त्याहून जास्त लाज वाटायची.

परवा त्या सहकाऱ्याचा पुन्हा फोन आला. येत्या दोन दिवसांत बर्फाचा अंदाज आहे, ड्रोन उडवायला माणसं आहेत, पण जमिनीवरच्या जागा कुणालाच नीट माहीत नाहीत. ताईंच्या कागदांत त्या कामापुढे माझं नाव लिहिलेलं होतं. अजूनही. मी न जाण्याची सगळी कारणं मनात जुळवली. आणि तोंडातून निघालं, "येते. पण घळीकडे माझ्यापुढे कुणी जायचं नाही."

ताई ज्या खोलीत झोपायच्या, तिथे त्यांनी आणून ठेवलेलं गजराचं एक स्वस्त घड्याळ आहे. मोबाइलवर त्यांचा विश्वास नव्हता. त्या गेल्यानंतरही ते रोज पहाटे पाचला वाजतंय आणि आपोआप थांबतंय. त्यांनी लावलेला गजर बंद करायला कुणाचाच हात धजला नाही. आज पहाटे ते वाजलं तेव्हा मी जागीच होते. मी त्या खोलीत गेले, गजर बंद केला, आणि त्यांच्या पलंगाच्या कडेवर बसून बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या.