आण्णांना दिसेल असं घड्याळ

मित्रांनो, सकाळपासून हे तुम्हाला सांगायचं मनात आहे.

खोडदला माझ्या वडिलांची, आण्णांची, नजर अधू झालीये. भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही, चमकणारे आकडे तेवढे कळतात. म्हणून भंगारातल्या जुन्या मीटरच्या चार निक्सी ट्यूब घेऊन घड्याळ केलं. काचेच्या नळीत नारिंगी आकडा पेटतो, ती ही ट्यूब.

एकशे सत्तर व्होल्ट दिले, तरी आठाची डावी बाजू पेटेचना.

"आठ हाय का तीन?" आण्णांनी विचारलं.

जळाल्या तर अशा ट्यूब आता मिळत नाहीत, म्हणून मी भीतभीत करंट कमी ठेवला होता. पण चौघी आळीपाळीनं, डोळ्याला कळणार नाही इतक्या भरभर पेटतात, प्रत्येकीला पावच वेळ मिळतो. तेवढ्यात झेपेल इतका जास्त करंट द्यायलाच हवा. करंट अडवणारा रेझिस्टर बदलला. एक विझल्यावर क्षणभर थांबून दुसरी पेटवली, म्हणजे आकड्यांची सरमिसळ होत नाही. आकडे पूर्ण उजळले.

"साडेअकरा झाले. नारायणगावची जीप गाठतो," म्हणत आण्णांनी टोपी घातली.

"थांबा, मी येते सोबत."

"टाइम दिसतोय की मला. तू कशाला येती?"

मी दारातच उभी राहिले. ते गेले.

तुम्ही एकटं जाऊ दिलं असतं?