अंजनेरीवर अमेरिकेचा शुक्रवार

डॉक्टरांनी जन्मतारीख विचारली, अस्मादिकांनी अमेरिकन रीतीने महिना आधी सांगितला, आणि त्याच क्षणी सौभाग्यवतींनी येत्या शनिवारी अंजनेरीगडावर गमनाचा निर्णय घेतला. अट एकच: दिवसभर फोन बंद.

अस्मादिक नाशकातील सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता-विभागप्रमुख. यंत्राच्या दांड्यावर बसणाऱ्या आमच्या पोलादी कड्या जर्मनीस जातात, अमेरिकेसही. एकाच मस्तकात मिलिमीटर आणि इंच सुखेनैव नांदतात, असा माझा समज होता. सातपूरची साप्ताहिक सुट्टी शनिवारी. परंतु आपल्या शनिवारी सकाळी अमेरिकेत शुक्रवारची संध्याकाळ असते, आणि तेथील सद्गृहस्थ आपले टेबल रिकामे करून मगच घरी जातात. रिकामे करतात ते माझ्या डोक्यावर.

त्र्यंबकची एसटी अंजनेरी फाट्यावर सोडते. स्ववाहन असल्यास थेट वनखात्याच्या नाक्यापर्यंत जाता येते, प्रवेशशुल्क किरकोळ. वाटेत मिसळ अवश्य सेवावी. तेथेच सौभाग्यवती उद्गारल्या, "अहो, सारखा खिशाला हात का लावताय?"

"हृदयाची स्थाननिश्चिती करतोय."

"हृदय उजव्या खिशात नसतं."

पायऱ्यांच्या मध्यावर छायाचित्राच्या मिषाने मी फोन उघडला. अमेरिकेचा प्रश्न तयारच होता: आमचा दांडा ०.०२ ने जाड होतोय, तुमची कडी बसेल ना? बसेल, असे मी कळवले आणि गाडीत भरून ठेवलेला माल रवाना करण्याची आज्ञाही कारखान्यात धाडली. वीसेक पायऱ्या चढलो आणि थबकलो. अमेरिका इंचात बोलते! केसाहून बारीक वाटलेले अंतर अर्धा मिलिमीटर निघाले. आमच्या धंद्यात ही दरीच. फोन पाहिला तर रेंज लुप्त; वीस पायऱ्या उतरून पाहिले, तर तेथेही लुप्त.

"मला खाली जावं लागेल," मी म्हणालो. सौभाग्यवतींनी पाण्याची बाटली घेतली आणि त्या वर चालू लागल्या.

पाऊण तासाने खाली पोहोचलो, तेव्हा सरबतवाल्या मावशींनी माझे मुखकमल पाहूनच निदान केले. "रेंज पायजे ना? त्या दगडावर उभं ऱ्हा. समदे सायेब तिथंच उभे ऱ्हात्यात."

दगडावर आधीच एक साहेब कोणाला तरी 'येस, येस' म्हणत होते. मी कडेला एक पाय टेकवून कारखान्यात सुट्टीच्या दिवशीही मालरवानगी पाहणाऱ्या सलीमभाईंना गाठले.

"गाडी?"

"निकल गयी, साहेब. घोटीजवळ असेल."

"थांबवा! घाट उतरू देऊ नका!"

त्यानंतरची प्रतीक्षा वर्णनातीत आहे. एका माकडाने माझी टोपी नेली. मी प्रतिकार केला नाही. अखेर फोन वाजला.

"ड्रायव्हर जेवायला थांबलेला, मिळाला. झालं काय, साहेब?"

"इंच झाला."

"या अल्ला! परत?"

सौभाग्यवती उतरल्या तेव्हा मी दगडावरच होतो, अमेरिकेस 'कडी बसणार नाही' असे कळवत. परतीच्या एसटीत त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. घरी पोहोचल्यावर मी विनम्रपणे विचारले, "वरचं तळं केवढं आहे हो?"

"इंचात सांगू की मिलिमीटरमध्ये?"

वाचकहो, तळे सुंदर असल्याचे ऐकिवात आहे. माझ्यापाशी उरला तो दगड, आणि अमेरिकेचा संदेश: तुमची तत्परता आवडली, यापुढे तुमच्या दर शनिवारी याच वेळी बोलू या.

मी लिहिले, 'शनिवारी जमणार नाही.' पाठवलेही. तिकडे सुट्टीची सकाळ, तरी पलीकडून उत्तर टंकित होत असल्याचे तीन ठिपके हलू लागले. सौभाग्यवती बुटांवरची माती झटकता झटकता थांबल्या, आणि आम्ही दोघेही ठिपक्यांकडे पाहत राहिलो.