अण्णांची तांदळाची नानकटाई

ज्या घरात स्वयंपाक मुकाट्याने होतो, त्या घराचे किस्से होत नाहीत. आमच्या शेजारच्या अण्णांकडे मात्र किस्से असे साठले, की खोपटच्या चाळीतली बिऱ्हाडं सोडून आम्ही चार दिशांना गेलो, तरी भेटलो की तेच सुरू!

अण्णा कचेरीत हेडक्लार्क. साहेबाच्या बंगल्यावर एकदा नानकटाई खाल्ली आणि घरी करायचा ध्यासच घेतला. स्वातंत्र्य आलं होतं, पण रेशन गेलं नव्हतं. मैदा मिळेना.

"तांदळाच्या पिठाची करू! मैद्यावाचून साहेबाचं अडतं, आपलं नाही!"

शेगडीवर पातेलं, पातेल्यात वाळू, वाळूवर थाळी आणि झाकणावर रसरशीत निखारे. अण्णा त्याला 'ओव्हन' म्हणत. त्यांच्या पत्नी, माई, त्याला 'चिता' म्हणत.

माईंना काळजी वेगळीच होती. मुलीची, कुसुमची, दोन स्थळं मोडली होती. "मुलीचा बाप शेगडीशी बसतो हे तिसऱ्यांच्या कानावर गेलं, की संपलंच!"

*

पहिल्यांदा अण्णांनी बाळकुमच्या खाडीवरून वाळू आणली. ती तापली आणि त्या सोवळ्यातल्या घरातून सुक्या बोंबलाचा घमघमाट सुटला! पायरीशी कोळीण टोपली घेऊन उभी.

"बाय, म्हावरं कोनाकरशी घेतलंस गो?"

माई दोन दिवस नळावर आल्या नाहीत.

*

पुढच्या घाण्याचा हात लावताच भुगा झाला. अण्णांनी शांतपणे चमचे मांडले.

"विलायतेत चमच्यानेच खातात."

"तुम्ही कधी पाहिलीत विलायत?"

"साहेबाने पाहिलीय ना!"

*

वडिलांच्या श्राद्धाला अण्णांनी पानावर नानकटाई वाढली. कावळ्याने वडा उचलला, खीर चाखली, नानकटाईकडे तिरकं पाहिलं आणि भुर्रकन उडून गेला. आम्ही बायका गॅलरीत तोंडाला पदर लावून उभ्या.

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले, "बाबांना मधुमेह होता. गोड वर्ज्य!"

"मग खीर कशी चालली?"

"ती तू केली होतीस. सुनेचं मन त्यांना कधी मोडवलंच नाही!"

*

आणि एका रविवारी ती चक्क जमली! खुसखुशीत, वेलचीचा वास, तोंडात टाकली की विरघळणारी. अण्णांचा चेहरा पाहून मला भरून आलं. नेमकी त्याच दुपारी डोंबिवलीची मंडळी कुसुमला पाहायला आली.

"आमच्या वसंताला साधा चहासुद्धा करता येत नाही हो!" मुलाच्या आईने हे बी.ए.ची पदवी सांगावी तसं सांगितलं.

माईंनी बशी पुढे केली. "सगळं कुसुमनेच केलंय बरं का!"

अण्णांनी पिठाचे हात हळूच धोतराला पुसले. कुसुमने मान आणखी खाली घातली. मुलाच्या आईने एक नानकटाई खाल्ली, दुसरी उचलली. "मुलीच्या हाताला चव आहे," त्या म्हणाल्या. माईंच्या जिवात जीव आला.

वसंतरावांनी मात्र नानकटाई उलटी करून तिचा तळ पाहिला. पुन्हा पाहिला. आणि न राहवून कुसुमला विचारलं,

"निखारे आधी वरचे काढता की खालचे? माझी नेहमी खालून करपते!"

त्यांच्या आईच्या हातातली बशी हातातच राहिली.

कुसुमने त्या दिवशी पहिल्यांदाच मान वर केली.

"आमच्याकडे ते अण्णा बघतात," ती म्हणाली. "तुमच्याकडे तुम्हीच बघाल ना?"