समोरच्यांची थाळी

मुलुंडला आमच्या समोरच्या ब्लॉकमधले गृहस्थ एकदा ऑफिसच्या कामासाठी अमेरिकेला जाऊन आले आणि येताना चिनी मातीची एक थाळी घेऊन आले. तिच्यावर तिथल्या कुठल्याशा पॉप चित्रकाराने रंगवलेलं स्वतःचंच तोंड छापलं होतं. केस जांभळे, गाल हिरवे. जिन्यात भेटले तरी ते आवाज खाली आणून सांगत, "लिमिटेड एडिशन आहे, बरं का! मूळ चित्र म्युझियममध्ये, आणि ही आपल्याकडे." चित्रकाराचं नाव मात्र त्यांना दर वेळी थाळी उलटी करून वाचावं लागे.

दिवाळीच्या साफसफाईत वहिनी स्टुलावर चढून ती पुसत होत्या. मी त्यांचं वर्तमानपत्र परत करायला गेलो होतो. स्टूल कलंडलं आणि वहिनी थाळी छातीशी धरून कोपरावर आपटल्या. हे धावत आले, गुडघ्यांवर बसले, त्यांच्या हातातली थाळी काढून घेतली आणि खिडकीच्या उजेडात फिरवून पाहू लागले.

"वाचली!" ते म्हणाले.

वहिनींना मी उठवलं.

पुढे महिनाभर त्या प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून पाहुण्यांना चहा देत होत्या आणि हे कौतुकाने सांगत होते, "हिने हात मोडून घेतला, पण थाळीला चरा पडू दिला नाही."

एकदा मला दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "मला ती सोडायचीच होती हो, भाऊजी. बोटंच उघडली नाहीत."