हुमनाबाद सोडलं

गतीच्या मोहात माणूस स्वतःलाच मागे टाकून पुढे निघून जातो, हे मी अधिकाराने सांगू शकतो. चार वर्षं सांगतच आलो आहे. दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम असतो. कलबुर्गीतल्या आमच्या कॉलेजात केस पांढरे झालेला आणि माईक हातात आला तरी दहा मिनिटांत खाली बसणारा प्राध्यापक मी एकटाच, त्यामुळे प्रमुख वक्ता म्हणून मलाच बोलावतात. शाल, हार, नारळ असं सगळं होतं. भाषण कन्नडमधून असतं. वरचं वाक्य मला कन्नडमध्येच सुचलं आणि तिथं ते आणखी भारदस्त वाटतं. गेल्या खेपेला ते म्हणून झाल्यावर सभागृहात क्षणभर कुणी खोकलंही नाही. त्या कार्यक्रमाला उशीर होऊ नये म्हणून मी बीदरहून ताशी एकशे पंधराने आलो होतो. कार्यक्रम दीड तास उशिरा सुरू झाला.

एकशे पंधरा हा त्या दिवसापुरता अपवाद होता, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ती माझी रविवारची सवय होती.

माझी थोरली बहीण मंठाळला राहते. आम्ही तिला अक्का म्हणतो. म्हणजे पूर्वी पाचजण म्हणायचे, आता मीच उरलो आहे. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. भावजी गेले, मुलगा पुण्यात आहे. तिला साखरेचा त्रास आहे. दोन वर्षांपूर्वी ती गोळी घेऊन जेवायची राहिली आणि अंगणात हौदाजवळ चक्कर येऊन पडली. शेजारीण पाणी न्यायला आली म्हणून कळलं. बसवकल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, काही झालं तरी एकच्या आत जेवायचं. तेव्हापासून मी दर रविवारी मंठाळला जेवायला जाऊ लागलो. पहिल्याच रविवारी तिनं ताट वाढता वाढता सांगून टाकलं, "तू आल्याबगर मी जेवत न्हाई बघ."

ही माया होती की धमकी, ते मला कळलं नाही. आमच्या घरात दोन्ही एकाच आवाजात बोलतात. पण हिशेब सोपा होता. मी एकच्या आत पोचलो नाही, तर ती उपाशी राहणार आणि पुन्हा पडणार.

एवढं कळत असताना लवकर निघावं की नाही? निघत नव्हतो. बायको गेल्यापासून रविवारी सकाळी मला घरात काहीच काम नसतं, आणि काहीच काम नसलं की ते उरकायला फार वेळ लागतो. पेपर वाचून होतो, मग त्यातल्या निविदाही वाचून होतात. दुसरा चहा होतो. अकराला अक्काचा फोन येतो तेव्हा मी गालाला साबण लावून आरशासमोर असतो.

"निघालास का रे?"

"निघालो की. हुमनाबाद सोडलं."

आमच्या भागात फोनवरून सांगितलेल्या ठिकाणाला कुणी पुरावा मागत नाही. दारात चप्पल शोधणारा माणूस 'स्टँडवर आलोय' म्हणतो, स्टँडवरचा 'गाडीत बसलोय' म्हणतो. ऐकणाराही मनातल्या मनात तास-दीड तास वाढवून धरतो. यात कुणी कुणाला फसवत नाही. लहानपणापासून हे ऐकत आलेल्या माणसाला ते कळायला हवं होतं. पण मी इतिहास शिकवतो. विधान एकदा केलं की त्याला आधार पाहिजे, असं वर्षानुवर्षं मुलांना बजावून माझं नुकसान झालं होतं. हुमनाबाद म्हणजे निम्मी वाट; ते सोडलं म्हटलं, म्हणजे लवकरात लवकर सोडलं पाहिजे. त्यासाठी आधी दाढी पुरी करून कलबुर्गी सोडायला हवी होती.

मंठाळला जवळचा रस्ता मुडबीवरून आहे. तो अरुंद आहे, त्यावर म्हशी आहेत, आणि बैलगाडीच्या मागं लागलं की आपणही बैलगाडीच होतो. म्हणून मी लांबून जायचो, आधी हुमनाबाद आणि तिथून बसवकल्याणपर्यंत चौपदरी हायवे. तिथं गाडी पळवता येते. बसवकल्याण एके काळी मोठी राजधानी होती, पण तेव्हाही तिथं पोचायची इतकी घाई कुणाला असेल असं वाटत नाही.

वाटेत कमलापूरला लाल केळी घ्यायचो. अक्काला ती चालत नाहीत, शेजारपाजारी वाटून टाकते, पण बहिणीकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं. केळ्यांचा घड शेजारच्या सीटवर ठेवला की गाडी ओरडायला लागायची. वजनावरून तिला वाटायचं, कुणीतरी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही. पहिल्यांदा मी घड उचलून मागं ठेवला. नंतर केळ्यांनाच पट्टा लावू लागलो. त्या जागी बायको बसायची. साठच्या पुढं काटा गेला की ती "हळू" म्हणायची, दर वेळी एकदाच, आणि मी हळू करायचो. आता हे काम गाडी करते. ऐंशीच्या पुढं गेलं की थोड्या थोड्या वेळानं टुंग वाजतं. एकशेवीसच्या पुढं ते थांबतच नाही. माणूस कुठल्याही आवाजाला सरावतो. खरं सांगायचं तर ते टुंग मला आवडायला लागलं होतं. आठवडाभरात स्टाफरूमबाहेर माझ्याशी आपणहून बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

शंभरच्या पुढं आणखी एक सोय होते. दुसरा विचार करता येत नाही. पुढचा ट्रक, उजवी लेन, आरसा, पुढचा ट्रक. घरी गेल्यावर दिवा आपणच लावायचा आहे, हे तेवढा वेळ आठवत नाही. मी अक्कासाठी पळतो असं स्वतःला सांगायचो. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं.

त्या रविवारी मी नेहमीपेक्षा उशिरा निघालो. सव्वाबारा वाजता पुन्हा फोन आला.

"कुठं आलास?"

"बसवकल्याण दिसायलंय, अक्का. तू जेवून घे की."

"तू ये. मग बघू."

मी खरोखरच तेव्हा हुमनाबाद सोडत होतो. म्हणजे एकदाचं ते वाक्य खरं झालं होतं, आणि मी ते वापरून बसलो होतो. एकच्या आत पोचायचं तर पाय दाबणं भाग होतं. टुंग सुरू झालं, मग ते थांबेनासं झालं.

आमच्याकडच्या हायवेवर मधल्या दुभाजकाला गावकऱ्यांनी जागोजागी वाटा पाडल्या आहेत. यात गावकऱ्यांचं चुकतं असं मला कधी वाटलं नाही. शेत रस्त्याच्या त्या बाजूला आणि घर या बाजूला असलं, तर वळायला चार किलोमीटर कोण जाईल? राजेश्वरच्या अलीकडं अशाच एका वाटेतून एक मोटारसायकल बाहेर आली. पुढं नवरा, मागं बायको, आणि दोघांच्या मध्ये आडवी धरलेली लाकडी खाट. खाटेचे पाय मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना आले होते. अख्खी लेन त्या खाटेनं भरली होती.

मी ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली नाही. टायरांचा आवाज झाला, शेत डावीकडून उजवीकडं गेलं, आणि मी रस्त्याच्या कडेच्या मातीत आलेल्या दिशेला तोंड करून उभा होतो. माझ्यामागून येणारा ट्रक, जो आता माझ्यासमोरून येत होता, लांबलचक हॉर्न वाजवत निघून गेला. इंजिन बंद पडलं होतं. केळी जागच्या जागी होती. पट्टा लावलेला होता.

मोटारसायकलवाल्यानं गाडी स्टँडवर लावली. खाट उतरवून, चारी पायांवर नीट उभी करून, मग तो माझ्या खिडकीशी आला. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. त्यानं वाकून आत पाहिलं, मागच्या सीटवर पाहिलं, आणि हळू आवाजात विचारलं, "काका, कोण वारलंय का?"

"न्हाई."

"मग दवाखाना?"

"न्हाई. जेवायला चाललोय."

मागून त्याच्या बायकोनं विचारलं, "काय म्हणायलेत?"

"जेवायला जायलेत म्हणं."

"जेवाण पळून जायलंय का?" ती म्हणाली. मग माझ्या चष्म्याकडं बघून नवऱ्याला म्हणाली, "शिकलेलं माणूस दिसायलंय. जाऊ द्या."

तिनं मला बाटलीतलं पाणी दिलं. मी उतरलो आणि त्यांच्या खाटेवर बसलो. ती लेकीला द्यायला नेत होते म्हणे. हायवेच्या कडेला खाटेवर बसून मी पाणी प्यायलो, आणि ते दोघं नवराबायको शेजारी उभे राहिले, दवाखान्यात उभं राहतात तसे. कुणीतरी माझ्याजवळ असं नुसतं उभं राहिल्याला बरेच दिवस झाले होते.

तेवढ्यात फोन वाजला.

"कुठं आलास?"

"राजेश्वरच्या अलीकडं," मी म्हणालो. "खाटेवर बसलोय."

दोन वर्षांत मी सांगितलेलं हे पहिलं खरं ठिकाण होतं, आणि तेवढ्यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

"कुणाच्या खाटेवर?"

"सांगतो आल्यावर. तू जेव आधी. गळ्याशपथ जेव."

मंठाळला पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. साठने आलो. अक्का ताटं मांडून बसली होती. मी आधी तिच्या हातांकडं पाहिलं, थरथरतात का. ते स्थिर होते. सगळं सांगितलं. खाटेचं, ट्रकचं, गाडी उलटी फिरल्याचं. साबण लावून हुमनाबाद सोडायचो तेही. आणि शेवटी म्हणालो, "तू उपाशी राहू नयेस म्हणून पळत येत होतो."

ती माझ्या ताटात वरण वाढत होती. वाढून झालं, पळी भांड्यात ठेवली, आणि म्हणाली, "मी साडेबारालाच जेवते."

"आज?"

"रोज. डाक्टरनं सांगितल्यापासनं. पडून बघितलंय की एकदा, पुन्हा कामून पडू?"

"मग रविवारी माझ्यासंगं?"

"तुझ्यासंगं अर्धी भाकर खाते. तू एकटा जेवायलास की बघवत न्हाई."

"मग 'तू आल्याबगर जेवत न्हाई' असं कामून म्हणायचीस?"

"तसं म्हणलं की तू येतूस," ती म्हणाली. "आन तुझं हुमनाबाद मला काय नवं हाय? बापूबी असंच सोडायचे. तू हुमनाबाद म्हणलास की मी दीड तास धरते. आपल्याकडं सगळेच धरतेत. तू खरंच पळत येत असशील हे कुणाला ठावं?"

बापू म्हणजे आमचे वडील. त्यांच्याकडं सायकल होती.

आपली भाकर मोडता मोडता तिनं एकदा माझ्या मनगटावर हात ठेवला, तापबीप पाहावा तसा, आणि काढून घेतला. मी निघताना तिनं केळ्यांतली दोन परत दिली. मी ती शेजारच्या सीटवर ठेवली. दोन केळ्यांना गाडी ओरडत नाही.

त्यानंतर मी काही गोष्टी ठरवल्या, आणि त्या पाळतानाचा माझा चेहरा बराच गंभीर असला पाहिजे. हायवे सोडला. यापुढं मुडबीवरून जायचं, म्हशींच्या मागं, बैलगाडीच्या मागं, जे काही पुढं असेल त्याच्या मागं. साठची मर्यादा. वेळ जाईल तो जाऊ दे. जानेवारीतल्या भाषणात स्वतःला मागं टाकण्याचं वाक्य होतं, ते खोडलं आणि त्याजागी संयमावर एक परिच्छेद लिहिला. तो कन्नडमध्ये चांगला उतरला आहे. अकराच्या फोनला आता जिथं असेन ते ठिकाण सांगतो. अक्का सवयीनं त्यात दीड तास मिळवतेच, त्यामुळं मी पोचतो तेव्हा दर वेळी तवा अजून तापायचा असतो.

मुडबीवरून मला हायवेपेक्षा अकरा मिनिटं कमी लागतात.