वन्संच्या मनगटाची नाडी

आमच्या वन्सं बॅगा दुरुस्त करतात. अडकलेली चेन मेणबत्ती फिरवून बघता बघता चालती करतात. स्वतः मात्र या घरातून कधी हलल्या नाहीत. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून वन्सं त्यांच्या खोलीच्या दाराशी झोपायच्या, मनगटाला नाडी बांधून. नाडीचं दुसरं टोक सासूबाईंच्या हातात. हाक मारायचं बळ उरलं नव्हतं, ओढायचं तेवढं होतं.

सासूबाई गेल्या, आणि वर्ष सरायच्या आत वन्सं म्हणाल्या, "मी परदेशात जाणार. डोंगरात. एकटी, तंबू घेऊन."

मी कपाळावर हात मारला. पन्नाशी उलटलेली बाई, कधी लॉजवर राहिलेली नाही, आणि रानात झोपणार म्हणे. "अस्वल आलं तर काय सांगाल, चेन बसवून देते?" त्या हसल्या आणि सॅकचा जादा पट्टा कात्रीनं उडवला. पाठीवरचं वजन कमी व्हावं म्हणून दात घासायच्या ब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापली होती. आमचे हे म्हणाले, "उतरेल आपोआप भूत." तिकीट काढून झालं तरी उतरलं नाही.

सरावासाठी तंबू गच्चीवर लावला. रोज सकाळी वन्सं लाल डोळ्यांनी खाली यायच्या. झोप लागत नव्हती, पण कबूल करतील तर शपथ. निघायला आठवडा उरला होता. अशी जागरणं करून अनोळखी कड्यांवरून चालणार, तोल गेला तर उचलायला कोणी नाही.

रविवारी दुपारी मी गच्चीवर गेले, जाऊ नका असं तोंडावर सांगायलाच. तंबूत वन्सं गाढ झोपल्या होत्या. मनगटाला तीच नाडी, दुसरं टोक तंबूबाहेर मोकळं पडलेलं. माझं डोकंच फिरलं. उठवायला म्हणून मी ते ओढलं.

"आले हं, आई."

डोळे मिटलेलेच होते. रांगत रांगत त्या निम्म्या बाहेर आल्या, मग मला बघून थांबल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिकडे कोणी ओढणार नाही, वहिनी," त्या म्हणाल्या. "म्हणून तर जायचंय. पण हिच्याशिवाय डोळाच लागत नाही." त्यांनी नाडी सोडून माझ्यापुढे धरली. "ब्रशसुद्धा कापला मी. मग हीही टाकायला हवी ना?"

मी नाडी नीट गुंडाळली आणि त्यांच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवली.

"राहू द्या," म्हटलं, "हिचं वजन ते काय."